उभ्या गाडीचे आजार

मुंबई-गोवा महामार्गावर लोणेरे सोडलं की दासगावच्या अलीकडे वीर लागतं. रेल्वेने जाणाऱ्यांना ते स्टेशन म्हणून माहीत असतं. कोकण रेल्वेचा रोह्यापासून वीरपर्यंतचा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि पुढचे रूळ पडेपर्यंत गाडी इथेच संपायची. रस्त्याने जाणाऱ्यांना मात्र गाडी बंद पडेपर्यंत वीर माहीत नसतं. माझा धंदा या दुसऱ्या जातीच्या लोकांवर चालतो.

उमेदीची वर्षं मी नवी मुंबईत एका जर्मन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये काढली, मग गावी येऊन महामार्गाला लागून गॅरेज टाकलं. सुरुवातीला कामं ठरलेली होती. महाड एमआयडीसीत जाणारे टँकर, भाजीचे पिकअप, खाडीपट्ट्यातल्या वडाप जीपा. पाटा बदल, क्लचप्लेट टाक, चेंबर ठोकलंय ते झाळून दे. मोठ्या जर्मन आणि ब्रिटिश एसयूव्ही फक्त रस्त्याने गोव्याकडे पळताना दिसायच्या. त्या माझ्या दारात यायला लागल्या गेल्या आठ-दहा वर्षांत, आणि त्यातली एखाददुसरी सोडली तर सगळ्या जुन्या घेतलेल्या. मालक ओळखीचे. कुणी ठेकेदार, कुणी जमिनीचा व्यवहार करणारा, कुणी ठाण्या-डोंबिवलीहून गणपतीला येणारा चाकरमानी.

एवढ्या गाड्या अचानक आल्या कुठून? याचं निम्मं उत्तर दिल्लीत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच री ओढली. आपल्याकडे ज्या गाडीचं पासिंग १५ वर्षं चालतं, तिला तिथे सातव्या-आठव्या वर्षीच उतरती कळा लागली. २०२५ मध्ये न्यायालयाने थोडी ढील दिली, पण तोवर दलालांची साखळी पक्की झाली होती. नवी असताना सत्तर-पंचाहत्तर लाखांना गेलेली गाडी बारा-चौदा लाखांत मिळते म्हटल्यावर कुणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? त्या पैशात शोरूममधून मधल्या प्रकारची नवी गाडी येते. ती दारात उभी राहिली तर शेजारी मान वळवून बघत नाही. ही बघायला लावते. हे कारण लोक बोलून दाखवत नाहीत, पण निम्मे सौदे त्याच्यावरच होतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. हौसेला मोल नसतं हे खरं. फक्त सुट्या भागांना असतं. गाडीची किंमत बारा लाखांवर उतरली तरी तिच्या टर्बोला आणि गिअरबॉक्सला हे कुणी कळवलेलं नसतं. ते पंचाहत्तर लाखांच्याच भावात राहतात.

इतकी वर्षं या गाड्यांचे नटबोल्ट खोलल्यावर माझं एक मत झालंय. या गाड्या चालून जेवढ्या खराब होत नाहीत तेवढ्या उभ्या राहून होतात. गिऱ्हाईक मात्र उलट शोधतं. "मिस्त्री, कमी रनिंगवाली बघून द्या," हे माझ्याकडे येणाऱ्याचं पहिलं वाक्य असतं. आठ वर्षांत पस्तीस हजार फिरलेली गाडी दिसली की त्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतं. मी विचारतो, मग ती बाकीचा वेळ काय करत होती?

ही इंजिनं तयार झाली ती ताशी शंभराच्या वर तासन्‌तास पळण्यासाठी. आपल्याकडे तीच गाडी सोसायटीच्या तळघरात आठवडाभर उभी असते आणि रविवारी चार किलोमीटरवरच्या मॉलला जाऊन येते. इंजिन धड गरमही होत नाही. डिझेल गाडीत डीपीएफ म्हणून एक भाग असतो; सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली, बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी. काही गाड्यांत तो आधीपासून होता, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल एसयूव्हींत तर असतोच. धुरातली काजळी त्यात अडकते. ती साठली की गाडीचा संगणक इंजिनात जादा डिझेल सोडतो, धूर सहाशे अंशांच्या आसपास तापतो आणि काजळी जळून राख होते. याला सलग पंधरा-वीस मिनिटांचं रनिंग लागतं. तेवढ्यात मॉलचं पार्किंग येतं आणि मालक चावी काढतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. काजळी जळत नाही आणि सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

एकदा एक चाकरमानी गणपतीला आला तो सरळ गॅरेजवर. नवीनच घेतलेली जुनी गाडी, पिवळा दिवा लागलेला, वेग धरत नव्हती. वडील शेजारी बसलेले.

"मिस्त्री, बाकी गाडी एकदम नंबरी हाय," मुलगा सांगत होता. "एक थेंब ऑइल खात नाही. उलट थोडं वाढलंय."

"वाढलंय?" म्हातारबाबांनी माझ्याआधीच विचारलं. "आरं, तेल काय दूध हाय का उतू जायाला?"

बऱ्याच जर्मन गाड्यांना ऑइल बघायची पट्टीच नसते, पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. चेंबरचा नट खोलला तर तेल धारेने नाही, पाण्यासारखं भसकन आलं. बोटांत चोळलं की चिकटपणा नाही आणि वास डिझेलचा. असल्या पातळ तेलावर टर्बोचा दांडा फिरत होता. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या दांड्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या थराचा. थर पातळ झाला की बुश खातो, मग पंखा घासतो, मग निळा धूर. ऑइल कमी होणं वाईट, हे सगळ्यांना कळतं. ते वाढलं तर त्याहून वाईट, हे त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला कळलं, गाडी विकणाऱ्याने मात्र लेकाला ते गाडीचा गुण म्हणून सांगितलं होतं.

डीपीएफ नवा घालायचा तर आकडा लाखांत जातो, म्हणून विकणारे त्याच्यावर एक इलाज करतात. डबा कापायचा, आतली जाळी फोडून काढायची, डबा पुन्हा झाळायचा आणि संगणकातून त्याची नोंद पुसायची. धंद्यात याला 'डिलिट मारणं' म्हणतात. गाडी हलकी पळते, दिवा लागत नाही, गिऱ्हाईक खूश. बीएस-६ गाडीला हे करणं बेकायदा आहे आणि पुढे कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेली की पितळ उघडं पडतं. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. थंड सायलेन्सरच्या नळीत बोट घालून फिरवायचं. जाळी शाबूत असलेल्या गाडीची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोट काळंकुट्ट आलं तर जाळी एक तर फुटलेली आहे, नाहीतर तिथे नाहीच. मी पांढरा रुमाल वापरतो. गिऱ्हाइकाला दाखवायला बरा पडतो.

काजळीचा दुसरा अड्डा म्हणजे ईजीआर. जळालेला थोडा धूर परत इंजिनात घ्यायचा, म्हणजे हवेत जाणारे नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात, अशी ती योजना. कल्पना चांगली आहे, पण त्या धुरातली काजळी आणि इंजिनाच्या वाफेतलं तेल एकत्र येऊन आत डांबराचा थर धरतो. मनगटाएवढी वाट करंगळीएवढी झालेली मी पाहिली आहे. इंजिनाला श्वासच नीट मिळत नाही. गाडी घाटात ओढत नाही, काळा धूर टाकते. त्यातच या धुराला थंड करणारा कूलर आतून गळायला लागला तर काम जास्त गंभीर होतं. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना एकामागोमाग आगी लागल्या आणि लाखाहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्याचं मूळ ईजीआर कूलरमधून गळणारं कुलंट आणि साठलेली काजळी यांतच निघालं. म्हणून कुलंट हळूहळू कमी होतंय आणि बाहेर कुठे थेंब दिसत नाही असं कुणी म्हणालं, की मी आधी तिकडे हात घालतो.

एअर सस्पेन्शन हा तर उभ्या गाडीचा हक्काचा आजार. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे, त्यात हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर. बटण दाबलं की गाडी उठते-बसते, आणि बहुतेक सौदे त्या बटणावरच पटतात. रबर सात-आठ वर्षांत घडीच्या जागी तडकतं. चालू गाडीत कॉम्प्रेसर गळती भरून काढतो, त्यामुळे दुपारी बघायला गेलात तर चारही कोपरे समान दिसतात. रात्रभर उभी राहू दे, सकाळी एक कोपरा गुडघ्यावर बसलेला असतो. मग तो बिचारा कॉम्प्रेसर दिवसभर हवा भरत राहतो आणि एक दिवस जळतो. या महामार्गाचं काम २०११ पासून वर्षानुवर्षं रखडलं. त्या खड्ड्यांनी या फुग्यांचं आणि खालच्या हातांच्या बुशांचं काय केलं असेल, ते मी सांगायला नको. तरी माझं म्हणणं तेच. रोज चालणाऱ्या गाडीचा फुगा मालकाच्या लक्षात येतो. उभ्या गाडीचा लक्षात येतो तो नव्या मालकाच्या.

आता मीटरची गोष्ट. महाडचे एक ठेकेदार, वयाने माझ्यापेक्षा लहान पण मान मोठा, एक पांढरी एसयूव्ही घेऊन आले. सोबत दलाल, अंगाला अत्तर, हातात दोन फोन. मीटरवर बासष्ट हजार.

"बघा हो मिस्त्री, आपल्याला फसवू नका म्हणजे झालं," ठेकेदार हसत म्हणाले. फसवायचा संबंध माझा कुठे येतो हे मला कळलं नाही, पण मी स्कॅनर लावला.

लोकांना वाटतं किलोमीटर फक्त मीटरमध्ये असतात. या गाड्यांत डझनावारी कंट्रोल युनिट असतात, आणि कुठे बिघाड झाला की काही युनिट त्या वेळचं किलोमीटरही टिपून ठेवतात. मीटर मागे करणारा सगळीकडे हात घालत नाही. त्याला तेवढे पैसेच मिळत नाहीत. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये एक जुना बिघाड पडलेला होता, नोंद एक लाख एकेचाळीस हजारांची. मी स्कॅनरचा पडदा ठेकेदारांकडे वळवला.

दलाल जराही गडबडला नाही. "ते काय, मागच्या मालकाने गिअरबॉक्स बदललाय दुसऱ्या गाडीचा."

"मग ब्रेकच्या पॅडलचं रबरपण दुसऱ्या गाडीचं बसवलं असंल," माझ्याकडचा पोरगा खाली वाकून म्हणाला. रबर उजव्या कोपऱ्यात झिजून गुळगुळीत झालं होतं. स्टिअरिंगचं कातडंही तळहाताच्या जागी तुकतुकीत. बासष्ट हजारात असं होत नाही.

ठेकेदारांनी तो सौदा मोडला. मला खरं तर गाडीची थोडी दया आली. एक लाख एकेचाळीस हजार हा आकडा वाईट नव्हताच. नोझलचे आकडे ठीक होते, ऑइल भरायचं झाकण काढलं तर बॅक कॉम्प्रेशन नव्हतं, इंजिन दणकट होतं. खरं सांगून विकली असती तर मीच घ्या म्हणालो असतो. पण ज्याने मीटर मागे घेतलं त्याने सर्व्हिसचे कागदही आपल्या मनाने छापलेले असणार, आणि मग त्या गाडीबद्दल आपल्याला कळणारं काहीच उरत नाही.

पुराच्या गाड्यांबद्दल इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला महाडात काय झालं ते आम्ही पाहिलंय. महाबळेश्वरच्या डोंगरात पाऊस कोसळला, सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या आणि शहरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं. त्याच दिवशी तळीयेची दरड आली, तिथे तर अख्खी घरं माणसांसकट गेली. त्या आठवड्यात गाड्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं, बोलू नये असंच होतं. पाणी ओसरल्यावर मात्र गल्ल्यागल्ल्यांतून गाड्या बाहेर काढायला आम्हा गॅरेजवाल्यांना बोलावणी आली. मी दारं उघडली की आतून गाळ घसरून पायावर यायचा.

ज्यांनी पाण्यात उभी गाडी चालू करायचा प्रयत्न केला नव्हता त्यांचं इंजिन तरी वाचलं. ज्यांनी चावी मारली त्यांचं गेलं. डिझेल इंजिन हवेला साधारण सोळा-सतरा पट दाबतं. पिस्टन वर गेल्यावर उरते ती जागा फारच थोडी. हवा दबते, पाणी दबत नाही. तिथे पेलाभर पाणी आलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, हे बऱ्याच जणांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत काढते, पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. लिलावात घेणारे ती भंगारासाठीच घेतात असं नाही. धुऊन, वाळवून, सीट कव्हरं बदलून ती पुन्हा बाजारात येते, पण त्या गावात नाही. महाडची बुडालेली गाडी लांबच्या जिल्ह्यात विकली जाते आणि आपल्याकडे २०१५ च्या चेन्नईच्या पुरातली, २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरातली येऊ शकते. पुरानंतर आमच्या भागातले लोक महाडच्या गाडीकडे संशयाने बघायचे आणि परगावच्या गाडीला चटकन हो म्हणायचे, याचं मला नवल वाटायचं.

अशी गाडी ओळखायला स्कॅनर लागत नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढा, शेवटच्या टोकापर्यंत, जो एरवी कधीच बाहेर येत नाही. धुणारा माणूस बेल्टचा दिसणारा भाग घासतो. गुंडाळीच्या आतला भाग तसाच राहतो. मी एका गाडीचा बेल्ट असा ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रंगाची सरळ रेघ होती, पाणी जिथपर्यंत चढलं तिथपर्यंतची, आणि नखाने खरवडलं तर बारीक गाळ सुटला. गाडीत मोगऱ्याचा वास घमघमत होता. सीटचे स्लायडर, त्यांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्यातला तळ, हे तिघं खोटं बोलत नाहीत. वायरिंगचे सॉकेट हिरवे पडलेले दिसले तर पुढे बघायचंच नाही. अशा गाडीत आज काच चालत नाही, उद्या एअरबॅगचा दिवा, परवा गाडी मध्येच बंद, आणि कोणताही मिस्त्री तुम्हाला शेवटचा बिघाड कोणता ते सांगू शकणार नाही.

पूर नसला तरी कोकणातला पाऊस या गाड्यांना बुडवतो, तोही अंगणात. सनरूफच्या चौकटीला चारही कोपऱ्यांत पाणी उतरायच्या बारीक नळ्या असतात. गाडी आंब्याखाली नाहीतर फणसाखाली चार महिने उभी. पाला, मोहोर, धूळ जाऊन नळी तुंबते आणि पाणी छतातून आत, गालिच्याखाली. जर्मन अभियंत्यांनी नेमक्या याच जागी, म्हणजे सीटखाली किंवा डिकीच्या कडेला, बॅटरी नाहीतर कंट्रोल युनिट ठेवलेली असतात. वरून सगळं कोरडं, गालिच्यावर गुडघा टेकला की ओलावा कपड्यातून लागतो. उंदीर हा त्याच्यावरचा कळस. एका गाडीत इंजिनाच्या झाकणाखाली भाताच्या तुसाचं घरटं निघालं आणि नोझलच्या वायरी कुरतडलेल्या. गावाला गाडी ठेवून मुंबईला जाणाऱ्यांना मी सांगतो, बॉनेट उघडं ठेवा, पण गाडी अशी झाकून ठेवू नका. घरचे हसतात.

उभ्या गाडीत डिझेलच्या टाकीतही दमट हवेचं पाणी साठतं. आधुनिक डिझेल इंजिनात इंधन सोळाशे-दोन हजार बार दाबाने नोझलला जातं, आणि तो दाब देणाऱ्या पंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. डिझेलमध्ये पाणी आलं की पंप आतून खरडतो आणि लोखंडाचा भुसा पाइपातून थेट नोझलपर्यंत पोचतो. मग फक्त पंप बदलून भागत नाही. टाकीपासून नोझलपर्यंत सगळंच. डिझेल फिल्टर काढून त्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतायचं आणि उन्हात धरायचं. चंदेरी चमक दिसली की मी गिऱ्हाइकाला परत पाठवतो.

काही दुखणी गाडीच्या जातीची असतात, त्यात मालकाचा दोष नसतो. मर्सिडीजचं ३ लिटरचं व्ही-६ डिझेल, धंद्यात 'सिक्स-फोर-टू' म्हणून ओळखलं जाणारं, इंजिन म्हणून मला फार आवडतं. पण त्याचा ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलाय. त्याचे सील कडक झाले की तेल मागे वाहत जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतं. न कळणारा मिस्त्री क्रँकचा सील गेला म्हणून गिअरबॉक्स उतरवतो. खरं काम वरच्या बाजूला. टर्बो आणि इनटेक काढल्याशिवाय हात पोचत नाही. आधीचे सील नारिंगी होते, नंतर कंपनीने चांगल्या रबराचे जांभळे दिले. सील काहीशे रुपयांचे, मजुरी काही दिवसांची. ऑडीच्या ३ लिटर टीडीआयची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, बीएमडब्ल्यूच्या एका दोन लिटर डिझेलचीही तशीच. चेन सैल झाली तर इंजिन नाहीतर गिअरबॉक्स खाली घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. लँड रोव्हरच्या ३ लिटर व्ही-६ डिझेलची क्रँक तुटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर बदलायचं नाही' असं विक्रेते सांगतात. झेडएफ ही जी कंपनी यातले बरेच गिअरबॉक्स बनवते, ती स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर, पहिल्या मालकाच्या, एवढंच विचारावं.

महाडात एक डॉक्टर आहेत, आठवड्यातून एकदा ताम्हिणी घाटातून पुण्याला जातात. त्यांची डिझेल एसयूव्ही पावणेदोन लाख चाललेली, एकाच हातातली. बंपरवर ओरखडे, सीटवर घडी, आत मुलांच्या बिस्किटांचे तुकडे. पण डीपीएफ स्वच्छ, तेल वेळच्या वेळी बदललेलं, प्रत्येक बिल एका जाड फायलीत, गिअरबॉक्सचं तेलही एकदा बदललेलं. ती गाडी बाजारात आली तर दलाल तिला नाक मुरडेल, रनिंग फार म्हणेल. मी मात्र तीन गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय, डॉक्टरांनी विकायला काढली की आधी मला विचारा. घासाघीस करू नका, मागतील ते द्या आणि वर गाडीच्या किमतीचा पाव भाग तरी दुरुस्तीला वेगळा काढून ठेवा.

कागदांचं थोडक्यात. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि आपल्याकडचा रोड टॅक्स सौद्यात कोण भरणार ते आधी लिहून घ्या, नाहीतर पेणच्या आरटीओच्या खेपा तुमच्या. आरसीवर कर्जाचा बोजा उरलाय का बघा. विम्याचे आधीचे दावे विचारा. मोठा दावा असेल तर बिलं मागा. एवढं करायला एक सकाळ लागते आणि लोकांना तीही जड जाते.

एक गोष्ट मात्र कुणीही, गाडीतलं ओ की ठो कळत नसलं तरी, करू शकतो. पैसे देण्याआधी गाडी एक रात्र आहे तिथेच उभी ठेवायला सांगा आणि पहाटे, मालकाने हात लावायच्या आधी, स्वतः जा. बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच सुरू करून ठेवलीय. चारही कोपरे सारखे आहेत का बघा. मग चावी तुम्ही मारा, काचा खाली, रेडिओ बंद. पहिल्या पाच सेकंदांत चेनचा खडखडाट येतो का ऐका, धुराचा रंग बघा, मग रुमाल काढा. आणि विकणारा म्हणाला की एक रात्र थांबता येणार नाही, दुसरं गिऱ्हाईक टोकन घेऊन उभंय, तर त्या गिऱ्हाइकाला ती घेऊ द्या.